रस्त्यापलीकडची शाळा

"शाळा चंडीगडातलीच बघ हं, यामिनी. रस्ता ओलांडू नकोस," असं खालच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाकाकू दोन वर्षांपूर्वी जिन्यात म्हणाल्या होत्या, आणि यामिनी हसली होती.

एका कडेवर दोन वर्षांची लेक गिरिजा, तापाचा तिसरा दिवस, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि काकू जिना अडवून सरहद्दीच्या गोष्टी सांगत होत्या. सेक्टर एकावन्नमधल्या त्यांच्या इमारतीपुढचा मोठा रस्ता ओलांडला की मोहाली लागायची, म्हणजे पंजाब. पण ते नकाशात. दूधवाला मोहालीचा, गिरिजाचे डॉक्टर मोहालीचे, नवऱ्याचं, निशांतचं, आयटी ऑफिस मोहालीत. इकडची कुत्रीसुद्धा तिकडच्या ढाब्यावर जेवायला जायची.

"अहो काकू, सगळं एकच गाव की हे! तुमचं बदलीवाल्यांचं ना, सर्टिफिकेटाशिवाय पान हलत नाही."

काकूंचे यजमान नंदकुमार केंद्र सरकारच्या नोकरीत. भोपाळ, गुवाहाटी, जयपूर करत करत चंडीगडला आलेले. काकूंनी दोन मुलं चार राज्यांत शिकवली होती, आणि त्यांच्या कपाटात साड्यांपेक्षा फायली जास्त होत्या.

"नाहीच हलत बाई," काकू म्हणाल्या. "शेवटी अकरावी-बारावी कुठून केली, एवढंच विचारतात. पोरगी कशी आहे ते कोणी विचारत नाही."

पोरगी म्हणजे ओजस्विनी. निशांतची धाकटी बहीण, त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. ती आठवीत असताना वडील गेले, आणि दहावी झाल्यावर सासूबाईंनी, शशिकलाबाईंनी, तिला अकोल्याहून भावाकडे पाठवलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. कोणी विचारलं तर ती "बघू" म्हणायची. पण गिरिजाला इंजेक्शन देताना डॉक्टरांच्या हाताकडे अशी टक लावून बघायची की यामिनीला ते विचारायची गरजच वाटत नसे.

शहरातल्या शाळांचे अकरावीचे प्रवेश म्हणजे ऑनलाइन फॉर्म, गुणवत्ता यादी, मग जूनच्या उन्हात कागद तपासायला रांग. रस्त्यापलीकडच्या शाळेत यातलं काही नव्हतं. मेडिकलच्या क्लासवाल्यांचीच ओळख होती तिथे. हजेरीची कटकट नाही, ओजूला दिवसभर क्लासला बसता येईल, आणि निशांत ऑफिसला जाताना सोडेल. काकूंच्या त्या बोलण्यानंतर चार दिवसांनी यामिनीने तो फॉर्म भरला. तीन पानांचा होता. गिरिजा झोपली होती तेवढ्या वेळात झाला.

खरं तर यामिनी न वाचता काही करणारी बाई नव्हे. एम.ए. झालेली. पोरीसाठी आणलेल्या बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती दुकानात उभं राहून वाचायची; दुकानदार तिला "इन्स्पेक्टर मॅडम" म्हणायचा. औषधाच्या बाटलीची तारीख दोनदा बघायची. पण वैद्यकीय प्रवेशाची माहितीपुस्तिका तिने त्या वर्षी उघडली नाही. दोन वर्षं लांबची गोष्ट होती ती. आणि त्या आठवड्यात घरात एकशे तीन ताप होता.

दोन वर्षं गेली. ओजू पहाटे उठायची, क्लासहून संध्याकाळी यायची, जेवताना पाठ केलेलं पुटपुटायची. गिरिजा तिची नक्कल करायची, वरणभातावर बोट ठेवून "मायटोकॉन्ड्रिया" म्हणायची आणि सगळ्यांना हसवायची.

नीटचा निकाल लागला तेव्हा घरात आनंदच झाला. गुण फार उंच नव्हते. देशभरातल्या यादीतून जागा मिळणं कठीण, हे ओजूला स्वतःलाच कळत होतं. पण शहरातल्या सरकारी कॉलेजात शहरातल्या मुलांसाठी राखलेल्या जागा असतात, आणि त्या यादीत गेल्या वर्षी शेवटी आत गेलेल्या मुलीपेक्षा ओजूचे एकोणीस गुण जास्त होते. एकोणीस! निशांतने सेक्टर बावीसमधून पेढे आणले. शशिकलाबाई फोनवर रडल्या. "मी म्हणत होती ना, माही पोट्टी करूनच दाखवीन. तिच्या बाबांले पाह्यजे होतं हे पाह्याले."

रत्नप्रभाकाकू पेढा घ्यायला वर आल्या. पेढा हातात धरून त्यांनी यामिनीकडे पाहिलं. "शाळा कुठली होती गं हिची?"

यामिनीने सांगितलं. सांगतानाच तिच्या तोंडातला पेढा जड झाला. काकूंनी पेढा खाल्ला, ओजूच्या पाठीवर हात फिरवला, आणि खाली गेल्या.

त्या दुपारी यामिनीने माहितीपुस्तिका उघडली. अकराव्या पानावर होतं ते, चौकटीत, ठळक अक्षरांत. अकरावी आणि बारावी दोन्ही चंडीगडच्या हद्दीतल्या शाळेतून.

तरी तिने ओजूला कॉलेजचा फॉर्म भरू दिला. वाटलं, कोणी बघणार नाही. वाटलं, पत्ता तर चंडीगडचा आहे, आधार चंडीगडचं आहे. माणूस काय काय वाटून घेतो. यादी आली तेव्हा ओजूच्या नावापुढे ‘अपात्र’ असं लिहिलं होतं, आणि ओजूला वाटलं की काहीतरी टाइपिंगची चूक आहे. ती इतक्या खात्रीने कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर गेली की यामिनीला तिच्या मागे चालवेना.

खिडकीतले सरदारजी वयस्कर होते, भले होते. त्यांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, चष्मा काढला. "बेटा जी, ये स्कूल तो मोहाली में है."

"सर, मेरे घर के सामने ही है. छत से दिखता है."

"हां पुत्तर. पर है तो मोहाली में."

परत येताना बसमध्ये ओजू एकच वाक्य बोलली. "महाराष्ट्रातून भरू ना वहिनी, आपण तिथलेच तर आहोत." आणि पुढचा आठवडाभर घरात फोन, ईमेल, अकोल्याच्या ओळखी, काय काय झालं. महाराष्ट्राच्या सरकारी जागेसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागत होती. पालक बदली झालेले केंद्र सरकारचे नोकर असते तर सवलत होती. आयटी कंपनीच्या नोकराला ती नव्हती. पंजाबने रहिवासी दाखला मागितला, आणि घर तर रस्त्याच्या अलीकडे होतं. दहावी एका राज्यात, बारावी दुसऱ्यात, बिऱ्हाड तिसरीकडे. ओजू कुठलीच नव्हती.

उरली फक्त देशाची यादी. तिची एक फेरी झाली, दुसरी झाली. दर वेळी ओजू लॅपटॉपवर क्रमांक टाकायची, वाचायची, लॅपटॉप मिटायची आणि म्हणायची, "नाही." फक्त तेवढंच. रडली असती तर बरं झालं असतं. ती रडत नव्हती. दात घासून, केस विंचरून, पुस्तकांकडे तोंड करून बसायची, पुस्तक न उघडता.

यामिनी आता तिच्यावर डोळा ठेवून राहू लागली. बाथरूममध्ये ओजूला जास्त वेळ लागला की ती बाहेर बादली सरकवायची, मुद्दाम, आवाज व्हावा म्हणून. गच्चीवर कपडे वाळत घालायला तिला एकटीला पाठवेना. एक दिवस निशांत ऑफिसला गेल्यावर तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ओजूच्या खोलीची आतली कडी काढून टाकली.

"वहिनी, कडी कुठे गेली?"

"सैल झाली होती गं. नवीन आणायला सांगते दादाला."

ओजूने दारावरची चार भोकं पाहिली, त्यांच्यावरून बोट फिरवलं.

यामिनी दिवसातून दहा वेळा गिरिजाला आत पाठवायची. जा, आत्याला चित्र दाखव. जा, आत्याला विचार, केळं खातेस का. चार वर्षांची गिरिजा आपली जबाबदारी ओळखून होती. बालवाडीतल्या हिंदीत बाहेर येऊन खबर द्यायची. "मम्मा, बुआ सो नहीं रही. बुआ दीवार देख रही है."

आतून ओजूचा आवाज आला, "वहिनी, तिला राखणीला बसवलंयस का? पगार तरी दे बिचारीला."

यामिनी स्वयंपाकघरातच उभी राहिली.

रत्नप्रभाकाकू थालीपीठं घेऊन वर आल्या एकदा. दारातच विचारलं, "खाते का काही?" बस. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. यामिनी वाट बघत होती त्या वाक्याची. काकू बोलल्या असत्या तर तिला उलट उत्तर देता आलं असतं, भांडता आलं असतं, निदान ती गोष्ट या दोघींच्या बाहेर तरी पडली असती. निशांतला काकूंचं ते जिन्यातलं बोलणं माहीत नव्हतं. ओजूलाही नव्हतं. दोघांना वाटत होतं, नियम होता, कोणाला ठाऊक नव्हता, नशीब.

तिसरी फेरीही कोरी गेली, तेव्हा रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. निशांतने लॅपटॉपवर तक्ता केला होता, रकाने रंगवून. शशिकलाबाई फोनच्या स्पीकरवर होत्या.

"एक, ड्रॉप," निशांत म्हणाला. "पुन्हा वर्षभर क्लास. दोन, प्रायव्हेट डेंटल, हरियाणात. कर्ज काढू, त्याची काळजी नको. तीन, इथेच युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. चार, फिजिओथेरपी, सोलनला. हिमाचलमध्ये, दोन-अडीच तासांवर. जागा आहेत अजून."

"काहून रे बाप्पा, फिजिओथेरपी म्हंजे ते मालिशवालेच ना?" फोनमधून आलं. "पोरीले घरी पाठोन दे. इथं बी.एस्सी. करीन. माह्या डोळ्यासमोर राहीन."

"आई, मालिश नसतं ते."

"मंग तुम्ही दोघं एवढे शिकलेले, तुमाले शाळा कुठं आहे ते समजलं नाही?"

"नियम कोणाला माहीत असतात गं आई आधीपासून? कोणी सांगितलं असतं तर केलं नसतं का?" निशांत वैतागला होता. त्याने लॅपटॉप थोडा ढकलला आणि ओजूकडे न बघता म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर फिजिक्समध्ये अजून पंचवीस-तीस आले असते ना, तर या कोट्याबिट्याची गरजच नव्हती."

ओजू नखाने टेबलावरचा भाताचा वाळलेला कण खरवडत होती. "हो दादा. तो लेन्सचा प्रश्न मला येत होता. मीच घाई केली."

यामिनी उठली आणि कुकर बघायला आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

ओट्याला धरून ती उभी राहिली. बाहेर निशांत ड्रॉपबद्दल बोलत होता, पुढच्या वर्षी नक्की होईल, पक्का, अमक्याच्या मुलाचं झालं. मग ओजूचा आवाज, शांत, जवळजवळ गमतीचा: "दादा, मार्क वाढतील रे. पण शाळा थोडीच रस्ता ओलांडून इकडे येणार आहे?"

दोन दिवसांनी कुठेही प्रवेश घ्यायचा तर लागणारं मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला त्या शाळेत जावं लागलं. ओजू एकटी जाते म्हणाली. यामिनीने गिरिजाला चपला घातल्या आणि बरोबर निघाली. चालत दहा मिनिटांचं अंतर, पण ऊन होतं, म्हणून ऑटो केली. शाळेत कागद लगेच मिळाला. क्लार्कने विचारलं, कुठे लागला नंबर? ओजू म्हणाली, "अभी देख रहे हैं, सर."

येताना ऑटो त्या मोठ्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबली. गिरिजा ओजूच्या मांडीवर बसून कागदाच्या नळीतून गाड्या बघत होती. समोर पाटी होती: चंडीगड आपलं स्वागत करतं.

"ओजू," यामिनी म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?"

"शाळेचं. म्हणजे नियम नाही, पण... रत्नप्रभाकाकूंनी सांगितलं होतं मला. रस्ता ओलांडू नकोस म्हणाल्या होत्या. मी हसले."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. ऑटोवाला पंजाबीत काहीतरी पुटपुटला आणि निघाला.

"कधी सांगितलं होतं?" ओजूने विचारलं.

"तू आलीस तेव्हा."

"फॉर्म भरायच्या आधी?"

"आधी."

"किती आधी?"

यामिनीला खोटं बोलता आलं असतं. "चार दिवस," ती म्हणाली.

ओजूने गिरिजाच्या हातातून कागद घेतला, नीट सपाट केला, पिशवीत ठेवला. गिरिजाची एक चप्पल पायातून निसटली होती, ती वाकून घातली. मग बाहेर बघू लागली. त्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही. दुभाजकावरची धुळीने पांढरी पडलेली कण्हेर आणि सेलच्या जाहिराती.

"मी रोज तो लेन्सचा प्रश्न सोडवत होते वहिनी," ती म्हणाली. "सकाळी उठल्यावर. अडीच महिने."

"ओजू, माझं..."

"दादाला सांगू नकोस. तो तुला बोलेल, मग तू रडशील, मग ही रडेल. मला ते ऐकायचं नाहीये." आणि ऑटोवाल्याला, "भैया, बस यहीं. आगे मत लो."

शिव्या दिल्या असत्या तर यामिनीने त्या घेतल्या असत्या. चार दिवस अबोला धरला असता तरी चाललं असतं. ओजूने त्यातलं काही केलं नाही. संध्याकाळी भांडी पुसून ठेवली, गिरिजाला गोष्ट सांगितली, आणि निशांत आला तेव्हा पाण्याचा ग्लास देता देता म्हणाली, "दादा, सोलन. भरून टाक."

"अगं, पण फिजिओ? तू तर एकदाही नाव नव्हतं घेतलंस. नीट विचार कर. इथे बी.एस्सी. केलीस तर घरचं जेवण, घरची खोली. किंवा ड्रॉप. एक वर्ष काय, असं जातं."

"या घरात अजून एक वर्ष नको, दादा."

निशांत दुखावला. त्याला वाटलं, फिजिक्सचं बोललेलं लागलं हिला. रात्रीच्या जेवणाआधी त्याने तिची माफीही मागितली, त्याच्या पद्धतीने, टपली मारून. "वेडी, मी आपलं बोलून गेलो यार." ओजू हसली. "माहितीय रे." यामिनी पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. दुसऱ्याच्या वाट्याची माफी मागितली जात होती, आणि ती पोळ्या लाटत होती.

ओजूला सोलनच्या हॉस्टेलवर सोडायला निशांत आणि यामिनी गेले, गिरिजाला काकूंकडे ठेवून. डोंगराच्या उतारावरची इमारत, दुसरा मजला, खोलीत चार खाटा. बाकीच्या तिघी हिमाचलच्या, हसऱ्या, एकमेकींना आधीच ओळखणाऱ्या. यामिनीने चादर घातली, कपाटात कागद अंथरला, मेतकुटाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. मग नकळत दाराकडे गेली आणि आतली कडी लावून पाहिली. मजबूत होती. ओजू तिच्याकडेच बघत होती.

"झालं ना बघून?" ओजू म्हणाली. "निघा आता, तुम्हाला घाट उतरायचाय."

त्याला आता दोन महिने होत आले.

रोज संध्याकाळी यामिनी फोन करते. चार-पाच वेळा केला की एकदा उचलला जातो. आधी ओजू मराठीत बोलायची, तिच्या त्या अकोल्याच्या हेलात, जो चंडीगडला दोन वर्षं राहूनही गेला नव्हता. आता म्हणते, "ठीक हूं, भाभी." भाभी. खोलीतल्या मुलींना कळावं म्हणून हिंदी बोलत असेल, असं निशांत म्हणतो. असेल. निशांतला ती मेसेजमध्ये अंगठा पाठवते आणि त्याचं समाधान होतं. शशिकलाबाईंना सांगते, जेवण चांगलं आहे. दिवाळीला यायचं नाही म्हणाली. प्रॅक्टिकल आहेत म्हणे. यामिनीने कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये पाहिलं. आता ती सगळंच वाचते. दिवाळीत आठवडाभर सुट्टी होती. आम्ही येतो तुला भेटायला, असं म्हटलं तर एवढंच उत्तर आलं: "मत आना, प्लीज."

वॉर्डनबाईंना फोन केला. त्या कौतुकाने म्हणाल्या, "बहुत अच्छी बच्ची है जी. कोई परेशानी नहीं. बिल्कुल चुप रहती है."

हे ऐकल्यापासून यामिनीला जेवण जात नाही. ती उठून निघू शकते, दोन-अडीच तासांचाच रस्ता. पण जिच्यामुळे पोरगी घर सोडून गेली, तिनेच जाऊन दार वाजवायचं? आणि वाजवलं तरी उघडेल ती, हसेल, "ठीक हूं" म्हणेल, आणि यामिनीला त्या चेहऱ्यावरून काही वाचता येणार नाही.

म्हणून यामिनीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही मंडळी सिमल्याला जाताच. पुण्याहून, नाशकाहून, नागपूरहून, गाड्या भरभरून. सोलनला तुमची गाडी चहाला थांबते. पुढच्या वेळी थांबली की अर्धा तास काढा. बसस्टँडच्या वरच्या अंगाला मुलींचं हॉस्टेल आहे, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली. ओजस्विनीला बोलवा म्हणावं. मराठीत हाक मारा. यामिनीने पाठवलंय हे सांगू नका. अकोल्याकडचे आहोत, सहज आलो, असं काहीतरी सांगा. जेवते का बघा. मनगटं बारीक झालीत का बघा. आणि ती "ठीक आहे" म्हणाली, तर लगेच गाडीकडे वळू नका. थोडं बसा तिच्यापाशी.